लॅमिनेट केलेल्या मुंग्या

“घरी किती ठेवल्या?” ताहिराने विचारलं.

“दोन.”

“कशाला?”

काउंटरवर माझ्या बाजूला पाच मुंग्या आडव्या होत्या आणि दोन उभ्या. कार्ड आडवं केलं म्हणजे ते हल्ल्याला गेलं. उभं ठेवलं म्हणजे ते घर राखायला थांबलं. सगळीच आडवी केली आणि समोरच्याने आपल्या पाळीत उलटा हल्ला केला, तर अडवायला कुणी नाही. मला हे इतकं उघड दिसत होतं, की तिच्या ‘कशाला’ला काय उत्तर द्यावं तेच कळेना.

“घरी कुणीतरी नको का?” मी म्हटलं.

ताहिराने डोळे मिटून घेतले. फार राग आला की ती डोळे मिटायची आणि उघडले की हसायची. “ओ ताई, मुंग्या आहेत त्या. पाचव्या पाळीपर्यंत मारलं तर मारलं. सहाव्या पाळीला समोरच्याचा ड्रॅगन येणार. मग तुम्ही दोन ठेवा नाहीतर वीस ठेवा, तो काय कडी वाजवून आत येणार आहे का?”

तेवढ्यात एक बाई रेशनकार्डाच्या प्रती काढायला आल्या म्हणून मी मशीनकडे गेले. परत आले तर ताहिराने आपली पाळी खेळून माझ्या दोन्ही राखणदार मुंग्या मारल्या होत्या, आणि वर त्यांच्यावर माझ्याच दुकानातल्या कागदाचा तुकडा पांघरला होता.

ही दोन हजार तीनच्या जानेवारीतली गोष्ट. सांगलीत विश्रामबागला, इंजिनियरिंग कॉलेजच्या समोर, माझ्या दादाचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं आणि ते मी चालवायचे. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. मी एकतीस वर्षांची होते, दहावी झालेली. जयसिंगपूरला मगदुमांच्या घरी सहा वर्षं नांदून ‘चार दिवस माहेरी जाऊन ये’ म्हणून आलेली. त्या चार दिवसांना अडीच वर्षं झाली होती. मारहाण नाही, हुंडा नाही, चारचौघांत सांगावं असं काहीच नव्हतं. मूल झालं नाही, आणि मग हळूहळू त्या घरात माझ्याशी बोलणं थांबलं. नवरासुद्धा ताट पुढे सरकवायचा, मी वाढायचे. शेवटच्या वर्षी मी कधीकधी गच्चीवर जाऊन स्वतःचं नाव मोठ्याने घेऊन बघायचे. आवाज शाबूत होता.

दुकानात मात्र दिवसभर माणसं. त्यातली कॉलेजातली वीसेक मुलं एक परदेशी खेळ खेळायची. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, सगळे नुसतं ‘कार्डं’ म्हणायचे. हजारो कार्डांतून आपल्या मनाची चाळीस जुळवायची, त्या गठ्ठ्याला डेक म्हणायचं. दोन्ही खेळाडूंना वीस-वीस जीव, ज्याचे आधी संपतील तो हरला. काही कार्डं जमिनीची, त्यातून शक्ती मिळते. ती खर्चून बाकीची मैदानात आणायची: राक्षस, लांडगे, ड्रॅगन. एखादं भारी कार्ड एकाकडेच असायचं. मग बाकीचे ते माझ्याकडे आणून झेरॉक्स काढायचे आणि ती काळीपांढरी प्रत एखाद्या फालतू कार्डावर चिकटवून सरावाला वापरायचे. मापात कापून द्यायचं काम माझं. कापता कापता मी वाचायचे, काउंटरखाली डिक्शनरी ठेवून. माझं इंग्रजी असं ड्रॅगनांकडून आलेलं आहे. बँकेच्या फॉर्मवरचे शब्द मला अजून अडतात, पण सूड, शवपेटी, अग्निवर्षाव यांची इंग्रजी स्पेलिंगं कधी चुकत नाहीत.

दोन वर्षांत माझ्या हाताखालून गेलं नाही असं एक कार्ड नव्हतं, आणि मी एक डाव खेळले नव्हते.

फालतू कार्ड म्हणजे बहुतेक वेळा मुंगी. पाकिटं फोडली की मुंग्याच निघायच्या. किंमत एक शक्ती, बळ एक. तिच्या तोंडाला डिंक लावून वर ड्रॅगन चिकटवायचा, एवढाच तिचा उपयोग. एका दुपारी मी तिच्याखालची बारीक ओळ वाचली: शेजारी आणखी दोन मुंग्या असतील तर हिचं बळ दोन. म्हणजे प्रत्येकीचं. मी डिंकाचा ब्रश खाली ठेवला. त्यानंतर मुलं काउंटरवर टाकून जातील त्या मुंग्या मी लग्नपत्रिकांच्या रिकाम्या खोक्यात जमवायला लागले.

ते खोकं ताहिराला सापडलं. ताहिरा शिकलगार, मिरजेची, तिसऱ्या वर्षाला. त्या सगळ्या टोळक्यात खेळणारी एकटीच मुलगी. तिने माझ्या मुंग्या काउंटरवर ओतल्या, मोजल्या आणि मला विचारलं, की हे कुणी शिकवलं. मी म्हटलं कुणी नाही, टाकवत नव्हत्या म्हणून ठेवल्या. ती म्हणाली, हा डेक आहे, ताई. एकाच जातीची सगळी, स्वस्तातली, एकमेकींना बळ देणारी, श्वास घ्यायच्या आत अंगावर जाणारी. पुढचे तीन महिने तिने मला गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात खेळायला शिकवलं. एरवी ‘ओ ताई’ शिवाय न बोलणारी ती, शिकवताना माझ्या वयाचा अजिबात मुलाहिजा ठेवायची नाही. रविवारी सांगलीत स्पर्धा होती, त्यात तिने मला न विचारता माझं नाव घातलं. आणि आपल्याकडची राणी मला दिली. मुंग्यांची राणी मैदानात असली की सगळ्या मुंग्यांचं बळ आणखी एकाने वाढतं. तिच्या शारजातल्या भावाने ईदच्या पत्रात घालून पाठवलेलं ते कार्ड. अख्ख्या सांगली-मिरजेत तेवढं एकच. “जपा,” एवढंच म्हणाली ती.

स्पर्धेआधीच्या बुधवारी जयसिंगपूरहून फोन आला. रविवारी चारला आम्ही येतो, पद्माला न्यायला, असं धनपालच्या काकांनी आण्णांना सांगितलं. धनपाल म्हणजे माझा नवरा. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि डॉक्टर दहा महिने अंथरूण म्हणाले होते, तेव्हा त्या घराला मी आठवले.

आण्णा, माझे वडील, मार्केट यार्डात मापाडी होते. हळदीचं पोतं नुसतं कलतं करून वजन सांगायचे आणि काटा लावला की तेवढंच भरायचं. घरीही तसंच, एकदा बोलायचे आणि ते कुणी परत काट्यावर घालायचं नाही. आई जाऊन चार वर्षं झाली होती. त्या रात्री जेवणं झाल्यावर ते म्हणाले, “आजारी माणूस आहे. गेलं पाहिजे.” दादा मान हलवून उठला. वहिनीने दुसऱ्या दिवशी माळ्यावरून माझी बॅग काढली, पुसली आणि दोन साड्या इस्त्रीला टाकल्या. जाणार का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही नाही म्हटलं नाही. आमच्याकडे नाही म्हटलं नाही म्हणजे ठरलंच.

रविवारी कॉलेजात कार्यक्रम आहे, तीनपर्यंत येते, असं सांगून मी परवानगी घेतली. एकदा खऱ्या टेबलावर बसून खेळायचं आणि मग जायचं, एवढंच माझ्या मनात होतं. ताहिराला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने डोळे मिटले असते, आणि मग ते उघडायची वाट बघत बसावं लागलं असतं.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगते. शुक्रवारी दुपारी दुकानात शांतता होती. ताहिरा चुलत बहिणीच्या लग्नाला शनिवारपर्यंत मिरजेत अडकलेली. मी डेक काढून बसले तर कार्डांचे कोपरे सुटत आलेले. आमच्या गावात हातात काही मोलाचं आलं, की माणूस पहिल्यांदा लॅमिनेशनला धावतो. मार्कशीट, जातीचा दाखला, देवाचा फोटो. एका आजोबांनी गुडघ्याचा एक्स-रे आणला होता. एका बाईंनी मुलाचा पहिला पेपर आणला होता, त्यात मुलगा नापास झालेला. मी मशीन तापवलं आणि चाळीसच्या चाळीस कार्डं लॅमिनेट केली. राणी सगळ्यांत आधी. दोन तास लागले. कोपरे गोल कापले, हाताला लागू नयेत म्हणून. इतकं सुबक काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

रविवारी स्पर्धा विश्रामबागच्याच एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या मसालेभाताचा वास अजून हवेत होता आणि एका खांबाला कुणाचं तरी ‘शुभविवाह’ लिहिलेलं तोरण तसंच लटकत होतं. कोल्हापूर, सातारा, पुण्याकडची तीसेक मुलं. मी साडी नेसून गेले होते. दाराशी एकाने मला विचारलं, काकू, चहा कधी येणार.

पंच म्हणून पुण्याचे सप्रे आले होते, चाळिशीचे, मवाळ, गळ्यात शिट्टी. ती त्यांनी दिवसभरात एकदाही वाजवली नाही. त्यांच्या टेबलावर मी माझा डेक ठेवला. चाळीस कार्डांचा गठ्ठा विटेएवढा झाला होता. सप्रेंनी वरचं कार्ड उचललं, उजेडात धरलं, वाकवून बघितलं. ते वाकलं नाही.

“हे तुम्ही केलंत?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं, आणि मला वाटलं ते कौतुक करणार.

ते फार हळू आवाजात बोलले. कार्डात काही बदल केलेला चालत नाही, जाडी वेगळी झाली की चालत नाही, ही घेऊन मला बसता येणार नव्हतं. मी म्हटलं, मग कापून काढते. ते म्हणाले, आता ती निघायची नाहीत हो. हे मला त्यांनी सांगायला नको होतं. गरम रोलरमधून गेलेलं परत सुटत नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगत होते.

मागे ताहिरा उभी होती. तिने गठ्ठ्यातून राणी शोधून काढली, उलटी केली, सुलटी केली. गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. भावाने पाठवलेलं कार्ड. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिने हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाली, “आता ही माझ्या नातवंडांना पण पुरेल.” आवाज नीट नव्हता, पण हसली. राणी तिने पर्समध्ये ठेवली आणि तडक खुर्चीवर चढली.

ज्याच्याकडे मुंग्या असतील त्याने आणून द्याव्या, असं तिने अख्ख्या जेवणघराला सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, मुंग्या कुणाकडे नसतात. खरंच होतं ते. मुलं आपापली खोकी, पिशव्या, डबे धुंडाळायला लागली. कुणाच्या पाकिटात तळाला दोन, कुणाच्या दप्तराच्या कप्प्यात पेन्सिलीच्या कचऱ्यात एक. साताऱ्याच्या एकाने मुंगीवर चिकटवलेला ड्रॅगन नखाने खरवडून काढला आणि मुंगी माझ्या हातात दिली, तिच्या डोळ्याशी डिंक अजून तसाच. पंधरा मिनिटांत टेबलावर ढीग झाला. जमिनीची कार्डं सप्रेंनी स्वतःच्या पेटीतून दिली. राणी मात्र कुणाकडे नव्हती. मला चहाचं विचारलेल्या मुलाने पाच मुंग्या दिल्या आणि कानापर्यंत लाल होऊन गेला.

पाच फेऱ्या होत्या. पहिली हरले. दोन मुंग्या घरी ठेवल्या होत्या, आणि शेजारच्या टेबलावरून ताहिराने ते बघितलं. ती आपली कार्डं पिसत राहिली. दुसऱ्या फेरीला मी एकच ठेवली आणि कशीबशी जिंकले. तिसऱ्यालाही एकच ठेवली आणि जिंकले. मधल्या सुट्टीत आम्ही दोघींनी पायरीवर बसून माझ्या डब्यातली थालीपीठं खाल्ली. ताहिरा म्हणाली, चेहरा लाल झालाय तुमचा, ताप आहे का. ताप नव्हता. समोरचा माणूस माझ्याकडे बघून, माझी चाल ऐकून, मग आपलं उत्तर ठरवतोय, असं सकाळपासून चाललं होतं, आणि मला त्याची सवय नव्हती.

चौथ्या फेरीला पुण्याचा निनाद परचुरे समोर आला, मागच्या वर्षीचा विजेता. ड्रॅगनचा डेक. अतिशय सभ्य मुलगा, प्रत्येक चालीला ‘चालेल ना, ताई?’ म्हणायचा आणि आपल्याला संपवायचा. पाचव्या पाळीला चित्र असं होतं: माझ्याकडे सात मुंग्या, प्रत्येकीचं बळ दोन. त्याचे अकरा जीव शिल्लक आणि मैदानात एक राक्षस राखणीला. पुढच्या पाळीला त्याचा ड्रॅगन येणार हे दोघांनाही माहीत होतं. सातही पाठवल्या तर एकीला राक्षस अडवेल, सहा पोचतील. सहा दुणे बारा. खेळ संपला. पण त्याच्या हातात ड्रॅगनशिवाय आणखी एक कार्ड होतं आणि ते खेळण्याइतकी शक्ती त्याने मुद्दाम राखून ठेवली होती. ते कार्ड वाईट निघालं, तर माझ्या घरी कुणी नाही आणि माझे नऊ जीव ड्रॅगनपुढे उघडे. पाचच पाठवल्या, तर तो मरत नव्हता आणि मीही मरत नव्हते.

मी मान वर केली तेव्हा आण्णा दारात होते. पांढरी टोपी, पायात यार्डातल्या वहाणा, हळदीने पिवळ्या झालेल्या. तीन वाजून गेल्यावर ते कॉलेजात गेले असणार आणि तिथल्या कुणीतरी इकडे पाठवलं असणार. टेबलांच्या रांगांतून वाट काढत ते आमच्याजवळ आले आणि माझ्यामागे उभे राहिले. ताहिराची फेरी संपली होती, तीही तिथेच होती. आण्णांनी तिला हळूच विचारलं, हिची कुठली. ताहिरा म्हणाली मुंग्या. आणि त्या पोराचं काय, तर ताहिरा म्हणाली, त्याचा ड्रॅगन येतोय. आण्णांनी मान हलवली, जणू यार्डात रोज दोन-तीन येतात.

“पद्मा,” ते म्हणाले. “सव्वातीन झाले.”

“होय, आण्णा.”

“चारला ती माणसं येणार. आवर.”

निनादने कार्डं टेबलावर पालथी ठेवली आणि दुसरीकडे बघायला लागला. मी माझ्या सात मुंग्यांकडे बघत होते. डिंकवाली तिसरी होती.

“मी येत नाही, आण्णा.”

“असू दे. हा डाव होऊ दे की. थांबतो मी.”

“डाव झाल्यावर पण नाही.”

 ताहिरा माझ्याकडून त्यांच्याकडे बघायला लागली. “कुठं जायचंय?” तिने विचारलं. आण्णांनी उत्तर दिलं नाही, म्हणून मीच दिलं. जयसिंगपूरला, म्हटलं. कायमचं न्यायला येतायत. जयसिंगपूर म्हणजे काय हे तिला माहीत होतं. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा हसली नाही.

“ताई,” निनाद अगदी हळू म्हणाला, “पाळी तुमची आहे.”

मी मुंग्या आडव्या करायला लागले. एक, दोन, तीन. पाचवीनंतर हात थांबेल असं मलाच वाटलं होतं. सातही आडव्या केल्या.

निनादने हातातलं ते दुसरं कार्ड उघडून टेबलावर ठेवलं. धुकं. त्या पाळीतला सगळा हल्ला वाया. मग त्याची पाळी आली. त्याने ड्रॅगन आणला, आणला त्याच पाळीत हल्ल्याला पाठवला, सोबत राक्षसही, आणि माझ्याकडे अडवायला कुणी नव्हतं. त्याने हात पुढे केला, मी मिळवला. बाईमाणसाच्या हातात हात द्यावा की नमस्कार करावा, हे त्याला ऐनवेळी सुचलं नव्हतं बहुतेक. त्याचा हात माझ्याहून गार होता.

“हरलीस?” आण्णांनी विचारलं.

“हरले.”

“आता?”

“अजून एक फेरी आहे.”

आण्णांनी टेबलावरची एक मुंगी उचलली. तळहातावर घेतली, जरा खालीवर केली, पोत्यातला नमुना बघतात तशी. परत जागच्या जागी ठेवली. “मी होतो पुढं,” म्हणाले आणि ज्या रांगेतून आले होते त्याच रांगेतून गेले. रागावलेत, की घरी जाऊन माणसांना बसवून ठेवणार आहेत आणि मला न्यायला दादाला पाठवणार आहेत, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. ती पाठ मी एकतीस वर्षं बघत आले होते आणि ती कधीच काही सांगायची नाही.

शेवटची फेरी दोन टेबलांवरच्या वादामुळे पाचनंतर सुरू झाली. कोल्हापूरचा लांडग्यांचा डेक होता. मी एकही मुंगी घरी ठेवली नाही आणि चौथ्या पाळीत जिंकले. पाचांत तीन विजय, तीसेक जणांत अकरावा नंबर. बक्षीस आठव्यापर्यंत होतं. मी मुंग्या परत करायला निघाले, तर एकानेही घेतल्या नाहीत. ताहिराने मला तिच्या लुनावरून गल्लीच्या तोंडाशी सोडलं. येऊ का आत, म्हणाली. मी नको म्हटलं. ती आता बेंगळुरूला असते, दोन मुलींची आई आहे, आणि अजून मला फोन करून पहिलं वाक्य काहीतरी शिकवण्याचंच बोलते.

घराबाहेर गाडी नव्हती. ओसरीवरच्या चपला सगळ्या आमच्याच. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्यापाशी सात कप धुऊन पालथे घालत होती. मला बघून तिने आधी पुढच्या खोलीकडे नजर टाकली आणि मग कुजबुजत सगळं सांगितलं.

ते चौघे बरोबर चारला आले होते. पोहे झाले, चहा झाला, तरी मी दिसेना म्हणून काकांनी विचारलं, पोरगी कुठाय. आण्णा म्हणाले, ती येत नाही. आज की काय, असं काकांनी विचारलं. आण्णा म्हणाले, आजही नाही आणि पुढंही नाही. मग काकांचा आवाज चढला. गेली कुठं ती, तिलाच विचारतो. आण्णा म्हणाले, खेळायला गेलीय. “एकतीस वर्षांची बाई?” हे धनपाल बोलला. तेवढं एकच वाक्य बोलला म्हणे तो. आण्णा म्हणाले, होय, एकतीस वर्षांची. आणि सासूबाईंना बघायला बाई हवी असेल तर यार्डात माझ्या ओळखीच्या दोन-तीन आहेत, प्रामाणिक आहेत, पगार तुम्ही ठरवा.

“दादा?” मी विचारलं.

“ते काय बोलणार,” वहिनी म्हणाली. “कप उचलत होते.” मग म्हणाली, “बॅग मी ठेवली माळ्यावर. साड्या कपाटात आहेत.”

पुढच्या खोलीत आण्णा पाटावर बसले होते. समोर दोन ताटं, दोन्ही झाकलेली. मी दारातच थांबले. आम्ही जैन. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, आणि आण्णांनी उभ्या आयुष्यात दिवा लागल्यावर घास तोंडात घातला नव्हता, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आजारपणात नाही, आईच्या दहाव्याला नाही. जानेवारीचा दिवस सहाच्या सुमाराला मावळतो. घड्याळात सात वाजायला आले होते.

“जेवला नाहीत?” मी म्हटलं.

“तुला उशीर झाला.”

“मग तुम्ही बसायचं होतं ना, आण्णा.”

 वहिनी आली आणि दोन्ही ताटं उचलून आत घेऊन गेली. मी भिंतीला टेकून त्यांच्या समोर बसले. थालीपीठानंतर माझ्याही पोटात काही नव्हतं आणि आता सकाळपर्यंत जाणारही नव्हतं. आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“शेवटचा काय झाला?” त्यांनी विचारलं.

“जिंकले.”

“कसा?”

मी सांगायला लागले. कोल्हापूरच्या मुलाने पहिल्यांदा काय टाकलं, मी काय टाकलं. त्यांनी हात वर केला.

“असं नको. पहिल्या फेरीपासून सांग. मी तिथं नव्हतो तेव्हापासून.”

मग मी सकाळपासून सांगितलं. सप्रेंचं, ताहिरा खुर्चीवर चढली त्याचं, साताऱ्याच्या मुलाने नखाने खरवडलेल्या ड्रॅगनचं. दुसऱ्या फेरीत एक मुंगी घरी का ठेवली ते. तिसऱ्या फेरीत काय चुकलं आणि तरी कसं निभावलं ते. आत वहिनीने भांडी आवरली, दादा बाहेरून आला, आमच्याकडे बघून तसाच आतल्या खोलीत गेला. माझा घसा कोरडा पडला आणि पाणी घ्यायचं नव्हतं, तरी मी थांबले नाही. कुठे दम घ्यायला जरा थबकले, की आण्णा मान वर करायचे.

“हां,” म्हणायचे. “मग?”